मा श्लोमखा, पाटील

यवतमाळ,
बुधवार, १४ फेब्रुवारी १९६२

प्रिय मलका,

माझी तार परवा तुझ्या हाती पडली असेल. इंग्रजीत चारच शब्द, येत नाही, पत्र लिहितो, एवढ्याच अर्थाचे. तारबाबूने विचारलं, आणखी काही घालायचं का, आणि मी पैसे पुढे केले. तू माझ्यासाठी खाट कुठे मांडली होतीस, होणाऱ्या जावईबापूंनी रजा काढली होती का, विमानतळावर यायला कोणाची मोटार मागून ठेवली होती का, हे सारखं मनात येतं आणि मी ते बाजूला सारतो. ही तिसरी वेळ. पहिल्यांदा मी तुला कागदपत्रांचं कारण कळवलं, दुसऱ्यांदा गुडघ्याचं. दोन्ही कारणं खोटी होती. आज खरं लिहिणार आहे, म्हणून पत्र लांबेल. एकटी असताना वाच, आणि मध्येच ठेवू नकोस, कारण तुझ्याकडून मला जे हवं आहे ते शेवटी आहे.

मागच्या पत्रात तू रागावून लिहिलं होतंस, "मी चार चार पानं लिहिते आणि बाबा, तुमच्याकडून 'बसेदेर, बसेदेर' एवढंच येतं. सगळं ठीक, सगळं ठीक. माणूस इतका ठीक कसा असेल?" तुझं बरोबर आहे. पण आपल्या गावचं पोस्ट पाटलांच्या ओसरीवर आहे हे तू विसरलीस. टपालाची थैली तिथेच सुटते आणि तिथेच बांधली जाते. तुझ्या लग्नाची तारीख मला तुझ्या पत्रातून कळली नाही, मलका. ती मला गोविंदाने सांगितली. गोविंदा म्हणजे पाटलांचा दिवाणजी, तू त्याला पाहिलं आहेस, पांढरंशुभ्र धोतर नेसणारा, तोंडात सदा लवंग. एका सकाळी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "पोरीचं लगन मार्चात ठरलं म्हने साहेब. चांगलं झालं." तुझं पत्र मला त्या दिवशी दुपारी मिळालं. पाकीट अगदी नीट चिकटवलेलं होतं. डिंक अजून ओला होता.

आता पहिल्यापासून सांगतो. तू मामांबरोबर गेलीस आणि तिकडे भाषेच्या वर्गाला जायला लागलीस, तेव्हा मला ती चाळीस पानी वही पाठवली होतीस. डावीकडे हिब्रू, उजवीकडे देवनागरीत उच्चार, खाली अर्थ. पहिलंच पान पाहून मला हसू आलं होतं. सातव्या वर्षापासून मला प्रार्थना तोंडपाठ, शब्बाथचा दिवा लावताना कधी एक अक्षर चुकलं नाही, आणि त्याच भाषेत शेजाऱ्याला 'कसा आहेस' एवढं विचारता येत नव्हतं. तू खाली लिहिलंच होतंस, "बाबा, देवाशी बोलण्यापुरती हिब्रू इथे पुरत नाही, इथे भाजीवाल्याशी बोलावं लागतं." त्या पानावर होतं, पुरुषाला विचारायचं तर 'मा श्लोमखा', बाईला विचारायचं तर 'मा श्लोमेख'. ओळखीच्या माणसाला नुसतं 'मा निश्मा', काय ऐकू येतंय, काय खबर. उत्तर 'तोव', म्हणजे छान, किंवा 'बसेदेर', म्हणजे ठीक, आणि पुढे 'तोदा', आभार. 'मा श्लोमखा'च्या खाली बारीक अक्षरात तू अर्थ फोडून दाखवला होतास. तुझं शालोम कसं आहे, म्हणजे तुझ्या जिवाला स्वस्थता आहे ना.

हे बोलायचं तर समोर माणूस हवा. सबंध गावात आपल्या यहुदी धर्माचा मी एकटा. कोणी मला किरिस्ताव समजतं, कोणी मुसलमान, आणि सतरा वर्षांत मीही कोणाला फार समजावत बसलो नाही. माझ्यासमोर दिवसभर असायचा तो नागोराव, आपल्या दवाखान्याचा शिपाई. तुला सायकल शिकवली ती त्यानेच. तुझी आई गेली तेव्हा तू मुंबईला नर्सिंगच्या शाळेत होतीस आणि तिसऱ्या दिवशी पोचलीस, म्हणून एक गोष्ट तुला ठाऊक नाही. प्रार्थनेला आपले दहा पुरुष लागतात, आणि मी एकटा होतो. गावातलं कोणी खांदा द्यायला आलं नाही, कसल्या जातीचं मढं म्हणून. नागोराव आपल्या वस्तीतून सात जण घेऊन आला. मी एकट्याने काद्दिश, गेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना, म्हणत होतो आणि ते आठ जण पागोटी काढून माझ्यामागे उभे होते. आपल्याकडे डोकं झाकून उभं राहतात हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला नागोराव नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परत आला. त्या दिवसापासून त्याने मेलेलं ढोर ओढणं सोडलं आणि 'जोहार मायबाप' म्हणणंही सोडलं. आपल्या माणसांना 'जय भीम' म्हणायचा, बाकीच्यांना मुकाट्याने हात जोडायचा. पाटलांना ते खुपत होतं, पण नोकरी सरकारी, त्यामुळे हात घालता येत नव्हता.

दुपारी दवाखाना रिकामा झाला की मी वही उघडून बसायचो. पहिल्या दिवशी त्याला नुसतं 'मा श्लोमखा' म्हटलं आणि अर्थ सांगितला. तो फडकं पिळता पिळता थांबला. "म्हंजे साहेब, थो मोठा अंमलदार असन त्यालेबी हेच म्हनाचं?" मी म्हटलं, हेच. "अन् झाडूवाल्याले?" त्यालाही हेच. "वाकाचं नाही?" मी म्हटलं, नाही रे बाबा, उभ्यानेच विचारायचं. तो बराच वेळ हसत होता. "मंग हे लय बेस हाय. मोठ्याची बी खुशाली इचारता येते." दुसऱ्या दिवसापासून कुलूप काढताना तोच आधी म्हणायला लागला, "मा श्लोमखा, साहेब?" मी म्हणायचो, तोव, तोदा, मा श्लोमखा? आणि तो म्हणायचा, "बसेदेर. फक्त कंबर दुखून राह्यली." माझ्या आधी त्याला पाठ झालं. घरी बायकोला, पंचफुलालाही त्याने बाईमाणसाचं वेगळं असतं म्हणून शिकवलं. तिला तो शेवटचा 'ख' जमेना. घशात काही अडकल्यासारखं होते म्हणायची.

ते दोन महिने मला अजून आठवतात. तुझ्याकडे यायचं जानेवारीचं विमान ठरलं होतं. मी पेटी कशी भरायची याच्या याद्या करत होतो.

साठ सालच्या नोव्हेंबरात, अकरा तारखेला, शुक्रवारी पाटील दवाखान्यात आले. मानेवर गळू झालं होतं. शुक्रवार म्हणजे घाटंजीहून डॉक्टर यायचा दिवस, त्यामुळे व्हरांडा भरलेला होता. कापूस वेचणाऱ्या बाया होत्या, तांड्यावरची माणसं होती. नागोराव दारात नंबर देत उभा. पाटील दाराशी येऊन थांबले. का थांबले ते सगळ्यांना ठाऊक होतं. जोहार ऐकू आल्याशिवाय ते पुढे पाऊल टाकायचे नाहीत, आणि गेली चार वर्षं तो ऐकू आला नव्हता. नागोरावने हात जोडले आणि हसून म्हणाला, "मा श्लोमखा, पाटील?"

त्याने असं का केलं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. थट्टा नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मला वाटतं, त्याला असा शब्द सापडला होता की जो त्याचाही नव्हता आणि त्यांचाही नव्हता. त्याने कोणाचं काही बिघडणार नाही असं त्याला वाटलं असेल.

पाटील माझ्याकडे वळले. "काय म्हनते हा?" आणि मलका, मला त्या क्षणी मास्तरासारखा अभिमान वाटला. मी म्हणालो, "काही नाही पाटील, आमच्या भाषेत तुमची खुशाली विचारतो आहे. तुम्ही कसे आहात म्हणून." आमच्यात जोहारला असं म्हणतात, एवढं सांगितलं असतं तर ते आत आले असते, गळू फोडून घेतलं असतं आणि घरी गेले असते. एक शब्द बदलायचा होता. पाटलांनी आवाज चढवला नाही. "माह्यी खुशाली? अन् हा इचारते?" एवढंच म्हणाले आणि व्हरांड्यातल्या माणसांकडे एकदा पाहिलं. मागे कोणीतरी बाई फिसकन हसली. बहुतेक त्या चमत्कारिक शब्दांना हसली असेल. पाटील गळू तसंच घेऊन परत गेले. गोविंदा मात्र मागे रेंगाळला. त्याने माझ्याकडून ते शब्द दोनदा म्हणवून घेतले. "मा... श्लोमखा. असंच ना साहेब?" शाळेतल्या मुलासारखं त्याने ते स्वतःशी म्हणून पाहिलं आणि गेला.

पाचव्या दिवशी, बुधवारी, दुपारी बाराच्या सुमाराला पाटलांची बैलगाडी दवाखान्यासमोर उभी राहिली. हाकत होता तांड्यावरचा डोंगरसिंग. गोविंदा बाजूने चालत आला होता. गाडीत कापसाच्या रिकाम्या गोण्यांवर नागोराव होता. गोविंदा म्हणाला, "बैलानं मारलं साहेब. वावरातून चालला होता, बैल उधयला." डॉक्टर नव्हते, त्यांचा दिवस शुक्रवारचा. मी आणि डोंगरसिंगने त्याला आत आणून टेबलावर ठेवलं. डोंगरसिंग माझ्याकडे न पाहता बाहेर गेला. मी दार लावून घेतलं.

बैलाने मारलेली माणसं मी वर्षाला दोन-चार पाहतो. शिंगाची जखम कशी असते ते मला कळतं. नागोरावच्या पाठीवर काठीचे वळ ओळीने होते. दोन्ही मनगटांना दोर रुतल्याच्या खुणा होत्या. तळपाय सुजून काळेनिळे झाले होते. बैल तळपायावर मारत नाही.

मी वाकलो, आणि दोन महिन्यांची सवय जिभेला होती म्हणून असेल, माझ्या तोंडून तेच आलं. मा श्लोमखा, नागोराव? त्याने डोळे उघडले. पाणी मागितलं. दोन चमचे घशाखाली गेले. मग तो म्हणाला, "साहेब, लिवून घ्या." त्याने नाव घेतलं. मग दुसरं घेतलं. तिसरं घ्यायला तोंड उघडलं, पण ते त्याला पुरं करता आलं नाही. पहिलं नाव गोविंदाचं होतं, आणि गोविंदा दाराच्या पलीकडे बाकावर बसला होता. त्याच्या लवंगेचा वास फटीतून आत येत होता. नागोराव त्यानंतर दीड तास होता. शुद्ध राहिली नाही.

पुढचं मी तुला आजवर सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नव्हतं. तो गेल्यावर गोविंदा आत आला. रजिस्टर त्यानेच उघडलं, टाक दौतीत बुडवून माझ्या हातात दिला. "लिवा साहेब. बैलानं मारलं." मी हलत नाही असं पाहून हळूच म्हणाला, "जानेवारीत जाऊन राह्यले ना तुमी? पोरगी एकटीच हाय तिकडं." याहून एक शब्द जास्त नाही. आणि मी लिहिलं. 'बैलाने मारल्यामुळे जखमी. उपचार चालू असता मृत्यू.' त्या पानावरच्या सगळ्या नोंदींत तीच नोंद सुवाच्य आहे, मी ती पुन्हा पुन्हा काढून पाहिली आहे. चौकशीला आलेल्या जमादाराने ती ओळ वाचली, मान डोलावली, आणि संध्याकाळच्या आत नागोरावला माती दिली गेली. मी लांब उभा होतो.

जानेवारीचं विमान मी सोडलं ते काही हिंमत आली म्हणून सोडलं असं समजू नकोस. मला पेटी भरता येईना, एवढंच. एक सदरा घडी करून ठेवायचो आणि परत काढायचो.

तेव्हापासून गोविंदा रोज सकाळी नऊ वाजता दवाखान्यात यायला लागला. आजार काही नाही. बाकावर बसायचं आणि विचारायचं, "बरं हाय ना साहेब?" मी हो म्हणेपर्यंत थांबायचं. मी पुटपुटलो तर पुन्हा विचारायचं, "नाही, बरं हाय ना?" हो म्हटलं की उठून जायचं. पाऊस असो, सण असो, त्याने खाडा केला नाही. बाजारात दुकानदार मान वर न करता पुडी बांधून द्यायचे, ज्यांच्या मुलांना मी टोचलं ती माणसं रस्ता बदलायची. सबंध गावात माझी खुशाली विचारणारा एकच माणूस उरला होता.

एकदा घाटंजीच्या बाजारात मला डोंगरसिंग भेटला. मीठ घेत होता. मी त्याच्या शेजारी उभा राहून हळूच म्हटलं, डोंगरसिंग, गाडीत तू होतास. तो मिठाकडे पाहत म्हणाला, "म्या मांगं पाह्यलं नाही साहेब. म्या बैलाकडं पाहत होतो. तुमीबी पाहू नोका." आमच्या मागे कोणी उभं होतं का ते मी तेव्हा पाहिलं नाही. पुढच्या बाजाराला तांड्यावरचे लोक म्हणाले, तो बायकोमुलांना घेऊन उमरखेडकडे गेला, कोणाकडे ते माहीत नाही. घराला कुलूप होतं. शेळ्या मात्र दाराशी तशाच बांधलेल्या होत्या, चारा संपून ओरडत होत्या. जाणारा माणूस शेळ्या सोडून जात नाही, मलका.

पंचफुला मात्र गप्प बसली नाही. अर्ज घेऊन तीनदा चालत यवतमाळला आली. शेवटी त्यांच्यातल्याच काही जाणत्या लोकांनी वकील गाठून दिला, पुन्हा चौकशी झाली. नागोरावला हात बांधून पाटलांच्या गोठ्याकडे नेताना दोन कापूस वेचणाऱ्या बायांनी पाहिलं होतं, त्या बोलल्या. गेल्या दिवाळीनंतर गोविंदावर आणि पाटलांच्या पुतण्यावर खटला उभा राहिला. दोघेही जामिनावर मोकळे. गोविंदा जामिनाच्या दुसऱ्या दिवशीही नऊ वाजता बाकावर होता. त्यांच्या वकिलाचा सगळा भरवसा माझ्या त्या एका ओळीवर होता. सरकारी रजिस्टरात बैल लिहिलेला असताना दोन बायांचं कोण ऐकणार?

गेल्या महिन्यात पंचफुला विळ्याने बोट कापलं म्हणून आली. मी पट्टी बांधत होतो. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मा श्लोमखा, साहेब?" नवऱ्याने शिकवलेलं तिने वर्षभर जपलं होतं. मी पट्टीचा आणखी एक वेढा दिला. मग म्हणाली, "वकील म्हनते रजिष्टरात बैल लिवला हाय. पोलिसायनंच बदललं असंन. यायनं मरतांनी काही सांगतलं असंन तं थेच तुमी लिवलं असंन ना?" मी पट्टीची गाठ बांधली, सोडली, परत बांधली. मग म्हणालो, पंचफुला, त्याने नावं सांगितली होती, बैल मीच लिहिला. तिने हात काढून घेतला. रडली नाही. एकच शब्द विचारला. "काहून?" मी म्हणालो, भीती वाटली. मलकाकडे जायचं होतं. ती उठून गेली.

तीन दिवस ती फिरकली नाही. चौथ्या दिवशी दाराशी आली, उंबरा ओलांडला नाही. "साहेब, मंग कोर्टात हेच सांगा. तुमी लिवलं थेबी सांगा, भेऊन लिवलं थेबी सांगा. अन् यायनं काय सांगतलं थे सांगा. मंग खुशाल जा पोरीकडं." मी तिच्या वकिलांना गाठलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की सव्वा वर्ष गप्प का होतात असं विचारून समोरचे मला खोटारडा ठरवतील, खोटी नोंद केल्याबद्दल माझ्यावरच खटला होऊ शकतो, पेन्शन जाईल, आणि इतकं होऊनही निकाल आपल्या बाजूने लागेलच असं नाही. मी म्हटलं, तारीख सांगा. त्यांनी पंधरा फेब्रुवारी सांगितली. तुझ्याकडे यायचं विमान चौदाचं होतं.

मी गावात कोणाला काही बोललो नाही. तुझ्याकडे येतोच आहे असं दाखवत राहिलो. प्रवासाआधी करायचा म्हणून मलिदाही केला. पोहे, गूळ, खोबरं एकट्यानेच कालवलं आणि एलियाहू नबीचं नाव घेतलं. पाटलांनी चावडीवर निरोपाचा कार्यक्रम ठेवला, शाल दिली, नारळ दिला. शाल पांघरताना स्वतः विचारलं, "कसे हा साहेब? तब्येत सांभाळा. दूरचा परवास हाय." रविवारी त्यांच्याच गाडीतून मला यवतमाळला आणलं. गोविंदा सोबत होता. माझी पेटी त्यानेच डब्यात चढवली आणि छोटी गाडी हलेपर्यंत फलाटावर उभा राहिला. मी दारव्ह्याला उतरलो. सोमवारी सकाळी तुला तार केली आणि संध्याकाळच्या मोटारीने मागे यवतमाळला आलो. विमलताईंकडे उतरलो आहे. आपल्या दवाखान्यात सुईण होत्या त्याच. इथे मी आहे हे त्यांना आणि वकिलांना सोडून कोणाला माहीत नाही, असं काल दुपारपर्यंत मला वाटत होतं. काल विमलताईंच्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस येऊन बसला. मी त्याला ओळखत नाही, त्याही ओळखत नाहीत. आज सकाळी तो पुन्हा तिथेच आहे. चहा पीत नाही. विमलताई पाणी आणायला गेल्या तेव्हा त्याने हसून विचारलं, "पाव्हने कसे हायत? बरं हाय ना त्याइचं?"

म्हणून आता मूळ कामाचं लिहितो. हे पत्र मी तुझी समजूत घालायला लिहिलेलं नाही, मलका. उद्या अकरा वाजता माझं नाव पुकारलं जाईल. विमलताईंच्या घरापासून कोर्ट पाऊण मैल आहे. मी तिथे पोचलो तर हे पत्र तुझ्यामाझ्यात राहील. न पोचलो तर हेच माझं बयान समज. बुधवार दिनांक १६ नोव्हेंबर १९६० रोजी दुपारी बारानंतर नागोराव वल्द उकंडा याने पूर्ण शुद्धीवर असताना मला सांगितलं की त्याला गोविंदा दिवाणजी आणि पाटलांचा पुतण्या रंगराव यांनी मारलं. तिसऱ्याचं नाव त्याला पुरं घेता आलं नाही. रजिस्टरातली बैलाची नोंद मी गोविंदाच्या सांगण्यावरून, भीतीपोटी केली आणि ती खोटी आहे. खाली माझी पूर्ण सही आहे, बाजूला साक्षीदार म्हणून विमलताईंची. त्या आजच्या मोटारीने नागपूरला जात आहेत, तिथल्या पेटीत पत्र टाकतील. हे जपून ठेव, आणि पंचफुलाच्या वकिलांनी मागितलं तर त्यांच्याच हाती जाईल असं कर, वकिलांचा पत्ता पाठीमागे आहे. सोबत आणखी एक कागद आहे. तुझ्याकडे यायचं म्हणून नऊ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी मला तपासलं त्याचा दाखला. हृदय, फुप्फुसं, रक्तदाब, दृष्टी, सगळं उत्तम, चक्कर येत नाही, फेफरं नाही, गुडघासुद्धा चांगला आहे. मूळ प्रत तुझ्याकडेच राहू दे. इकडून तुला कोणी कळवलं की बाबा झोपेतच गेले, किंवा घेरी येऊन विहिरीत पडले, किंवा बैलाने मारले, तर रडायच्या आधी हा कागद काढ आणि सगळ्यांना दाखव. लग्न पुढे ढकलायचं नाही. आत्ता बुधवारचे दुपारचे दोन वाजले आहेत आणि मी पूर्णपणे बरा आहे. तारीख आणि वेळ मुद्दाम लिहिली आहे.

तुझाच,
बाबा

हसकेल अब्राहाम झिराडकर
कंपाउंडर